सिएरा नेवाडा टॉर्पेडो: कडवट आवडत असेल तर

कॅलिफोर्नियातल्या चिकोची ही आयपीए (इंडिया पेल एल), म्हणजे कडवट, सुगंधी बिअर. अल्कोहोल 7.2 टक्के, कडवटपणा 65 आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). ‘टॉर्पेडो’ म्हणजे स्टीलचं उभं नळकांडं. त्यात हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीची, अख्खी फुलं भरून टाकीतली बिअर फिरवत राहतात. उकळताना उडून जाणारी सुगंधी तेलं अशी बिअरमध्ये उतरतात.

फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नका, वास दबलेला असतो. 8-10 अंशांवर येऊ द्या, ट्युलिप ग्लास अर्धाच भरा आणि पहिल्या घोटाआधी हुंगा; नाक फार लवकर सरावतं. आधी पाइनची राळ, मग पपनसाची साल. मध्ये माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) कॅरमेलसारखी गोडी आधार देते. कडवटपणा शेवटी रेंगाळतो, पण घसा खरवडत नाही. हल्लीच्या गढूळ, आमरसासारख्या आयपीएंच्या चाहत्यांना ही जुनाट वाटेल. वाटू दे.

भरल्याची तारीख मात्र बघाच. तीन-चार महिन्यांत हॉप्सचा सुगंध ओसरतो आणि मधासारखी गोडी वर येते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ऑक्सिजनने घात केलाय. दुकानाच्या उजेडात राहिलेली बाटली उग्र, कुबट लागते, म्हणून कॅन बरा. सोबत तळलेलं चिकन चालेल, झणझणीत रस्सा नको: तिखट आणि कडू एकमेकांना भडकवतात.