गणिताच्या क्लाससाठी जिओजेब्रा, एक्सकॅलिड्रॉ आणि गुगल डॉक्स: वर्षभर वापरल्यानंतर

नाशिकला सिडकोत माझा अकरावी-बारावीचा गणिताचा क्लास आहे. निम्मी मुलं आसपासची, बाकीची दिंडोरी, ओझर, सिन्नरकडची. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखं मीही मोबाइल स्टँडला अडकवून वहीवर शिकवलं होतं, आणि ते दिवस सरल्यावर ऑनलाइन या प्रकाराला कोपरापासून हात जोडले होते. तरी गेल्या जूनपासून आठवड्यातले काही तास पुन्हा ऑनलाइन घेते आहे. यावेळी अट एकच ठेवली: मुलांना माझा चेहरा दिसला नाही तरी चालेल, मला त्यांचं गणित सुटताना दिसलं पाहिजे.

या अटीवर सगळ्यात खरं उतरलं जिओजेब्रा. सॉफ्टवेअर तसं जुनं आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ते सुरू केलं. आलेख काढायला मी पूर्वीही वापरायचे. नवीन आहे ती त्यातली 'क्लासरूम'ची सोय. मी एक कृती तयार करते, कोड देते, मुलं कोड टाकून आत येतात. त्यांना खातं उघडावं लागत नाही, टोपणनाव चालतं. मग माझ्या लॅपटॉपवर प्रत्येकाचा पडदा छोट्या चौकोनात दिसायला लागतो, आणि कोण काय करतंय ते त्याच क्षणी कळतं.

लिनिअर प्रोग्रामिंगचं, म्हणजे दिलेल्या अटींत राहून सगळ्यात मोठी किंवा लहान किंमत शोधण्याचं, उदाहरण देते. दोन अटी दिल्या होत्या: एक्स अधिक दोन वाय हे १० किंवा कमी, तीन एक्स अधिक वाय हे १५ किंवा कमी, दोन्ही चल ऋण नाहीत. तीन एक्स अधिक दोन वायची कमाल किंमत काढायची. वहीत हे गणित आलं की बरीच मुलं रेषा अक्षांना जिथे छेदतात ते सगळे बिंदू अटींत बसणाऱ्या भागाचे कोपरे म्हणून घेतात आणि (१०, ०) वर ३० असं उत्तर ठोकून मोकळी होतात. वही तपासताना मी लाल शाईने फुली मारते, मूल ती बघतं, पान उलटतं, विषय संपला. त्या दिवशी पडद्यावर निम्म्या चौकोनांत बिंदू (१०, ०) वर जाऊन बसलेला दिसला. मी नावं झाकली, तो चौकोन सगळ्यांना दाखवला आणि एवढंच विचारलं, "हा बिंदू रंगवलेल्या भागात आहे का?" दिंडोरीची एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, हा तर पार बाहेर पडलाय!" त्यानंतर मुलांनी स्वतःच बिंदू ओढत (४, ३) वर आणला, १८ आलं. चूक कोणाची होती हे कुणाला कळलंही नाही. वर्गात हे जमत नाही असं नाही, पण तिथे फळ्यापाशी एकच जण उभा राहतो आणि बाकीचे त्याला हसायला मोकळे.

मोबाइलवर मात्र जिओजेब्रा डोळ्यांना त्रासदायक होतं. पाच-सहा इंची पडद्यावर कीबोर्ड उघडला की आलेखाला जागाच उरत नाही. ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही (आणि तेच जास्त) त्यांच्यासाठी मी समीकरणं आधीच भरून ठेवते, त्यांनी फक्त बिंदू सरकवायचा. हे जास्तीचं काम आहे, आणि ते रविवारी दुपारी बसून करावं लागतं हे आधीच सांगून ठेवते.

ऑनलाइन फळ्यासाठी आधी अनेकजण जॅमबोर्ड वापरायचे. गुगलने ते २०२४ च्या अखेरीस कायमचं बंद केलं. त्यामुळे फळा निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारला, की उद्या हे गुंडाळलं तर माझ्या हातात काय राहील? म्हणून एक्सकॅलिड्रॉ. त्याचा कोड खुला आहे, चित्राची फाइल स्वतःकडे उतरवून घेता येते, लिंक पाठवली की मुलं त्याच फळ्यावर येतात. साधा पेन टॅब्लेट घेतला, अक्षर बऱ्यापैकी वळणावर आलं. एक लक्षात ठेवायचं: मोफत वापरात चित्र आपल्या ब्राउझरमध्येच साठतं, म्हणून तास संपला की फाइल उतरवायचीच. आणि पहिले दोन-तीन तास मुलं त्यावर गणित करत नाहीत, एकमेकांच्या नावाला शिंगं काढतात. काढू द्यावीत. नंतर आपोआप कंटाळतात.

गुगल डॉक्सबद्दल माझं मत संमिश्र आहे. आमची एक सामायिक 'अडलेल्या गणितांची वही' आहे. ज्याला जे अडलं ते त्याने तिथे टाकायचं, ज्याला येतं त्याने खाली सोडवायचं. मोबाइल ॲपमध्ये समीकरण लिहिण्याची धड सोय नाही, त्यामुळे मुलं वहीच्या पानाचा फोटो काढून चिकटवतात. दिसायला गबाळं, पण चालतं. कमेंटमध्ये नाव घातलं की त्या मुलाला ईमेल जातो, आणि सतरा वर्षांचं कुठलंही मूल ईमेल उघडत नाही. म्हणजे शेवटी व्हॉट्सॲपवर "अरे, वहीत बघ" हे लिहावंच लागतं. व्हॉट्सॲपपासून सुटका होईल अशी आशा होती, ती सोडली.

पण या वहीचा खरा उपयोग द्राक्षांच्या हंगामात कळला. दिंडोरी-निफाडकडच्या मुलांचं वेळापत्रक बाग ठरवते. ऑक्टोबरात छाटणी, मग डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, जानेवारीनंतर तोडणी. घरात मजूर कमी पडले की पोरगं बागेत. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली तर मोटार चालू करायला तेच उठतं. अशा मुलाला संध्याकाळी सात म्हणजे सातला गुगल मीटच्या व्हिडिओ कॉलवर बसवण्यात काही अर्थ नसतो. तो रात्री उशिरा वही उघडतो, तोवर सिन्नरच्या कुणीतरी त्याचं गणित अर्धं सोडवून ठेवलेलं असतं, उरलेलं हा पुरं करतो.

दूरशिक्षण नाशिकला नवीन नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथे १९८९ पासून आहे, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. पुस्तक घरी आलं, तरी ते वाचताना अडलं तर विद्यार्थी एकटाच असायचा. आता अडलेल्या ओळीवर रात्री अकरालासुद्धा दुसरं कुणीतरी भेटतं. माझ्या लेखी नव्या साधनांनी आणलेला बदल हा आहे. व्हिडिओ कॉलचं कौतुक मला फारसं नाही. मीटच्या मोफत खात्यात तिघांचा किंवा त्याहून जास्त जणांचा कॉल एका तासात संपतो, आणि खरं सांगायचं तर एका तासाच्या वर मुलांचं लक्षही टिकत नाही.

एआयचं काय, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. मुलं वापरतात, लपवतही नाहीत. उत्तर टाइप केलेलं असेल तर डॉक्समधल्या वहीच्या बदलांचा इतिहास लॅपटॉपवर उघडला की कळतं: ज्याने स्वतः सोडवलं त्याच्या पानावर खाडाखोड दिसते, ज्याने उचललं त्याचं अख्खं उत्तर एका झटक्यात अवतरतं. मी ओरडत नाही. त्याच मुलाला पुढच्या तासाला एक्सकॅलिड्रॉवर तिसरी पायरी का आली ते लिहायला सांगते. पुढच्या वेळी निदान वाचून तरी येतो.

पालकांची लेखी संमती घ्याच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येकजण मूलच धरलं आहे, आणि आपल्याकडची बारावीची बहुतेक पोरं त्यात येतात. खातं न मागणारी साधनं निवडण्यामागे माझं निम्मं कारण हेच होतं.

नव्या बॅचसाठी जिओजेब्रा आणि सामायिक वही कायम ठेवते आहे. मीटचा तास निम्मा केलाय. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास शहरात रस्ते बंद राहतील तेव्हा दिंडोरीच्या मुलांना क्लासला या म्हणण्यात हशील नाही, म्हणून त्या आठवड्यांच्या कृती आतापासून बनवायला घेतल्यात. कॉनिक्सपर्यंत झाल्यात, व्हेक्टर्स बाकी आहेत.