म्हाताऱ्या पायांतली ताकद: वावरातलं काम, फिरणं, घरचा व्यायाम की फिजिओ?

दिवाळीनंतर बाबांना न्यूमोनिया झाला. दहा-बारा दिवस जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात पडून होते. ताप उतरला, खोकला गेला, घरी आले. पण ओसरीतल्या बाजेवरून उठताना एक हात गुडघ्यावर आणि दुसरा माझ्या खांद्यावर. वय एकाहत्तर. दसऱ्याला हाच माणूस कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून चालत आला होता.

दहा दिवसांत एवढं कसं घटतं? २००७ मध्ये अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. कोणाला ना ताप, ना खोकला. तरी त्यांच्या पायांतलं मांस जवळपास किलोभर कमी झालं. बाबांना तर वरून आजारही होता.

मग सल्ले सुरू झाले. काका म्हणाले, वावरात (शेतात) ने, आपोआप सुधारते. पुण्याचा भाऊ म्हणाला, रोज फिरवा. तालुक्याच्या एका दवाखान्यात फिजिओच्या सिटिंग घ्या म्हणाले. घरचा व्यायाम धरून चारही उपाय एकाच माणसावर करून झाले, म्हणून हे लिहितोय. असंच कोणी तुमच्या घरात असेल, तर निवडायला कामी येईल.

वावरापासून सुरू करतो, कारण आपल्याकडे खरा वाद तिथंच आहे. व्यायामाचं नाव काढलं तर बाबा म्हणाले, "जनमभर डवरे हाकले म्या, आता तू मले उठाबशा शिकोतं का?" बोलणं खरं आहे. वावरातल्या माणसाला हलायला सांगावं लागत नाही, ढेकळांतून चालताना तोल राखायची सवय टिकते, चार माणसांत जीव रमतो. पण स्नायूचा एक हट्ट असतो: सवयीपेक्षा जास्त ओझं आलं तरच तो वाढतो. निंदण आणि वेचणी म्हणजे हलकं काम हजार वेळा. त्यात कंबर मोडते, मांडीला मात्र नवं ओझं मिळत नाही. थकवा आला म्हणजे ताकद वाढली असं नाही, हे बाबांना पटवता पटवता माझाच घसा बसला.

दुसरी अडचण हंगामाची. मिरगापासून दिवाळीपर्यंत उसंत नसते. उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली की मग पारावरची बैठक. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात गेल्यावर म्हातारा माणूस दुपारी घराबाहेर पडेल तरी कसा? चार महिन्यांत पाय जे गमावतात, ते पेरणीच्या दिवसांत एकदम मागता येत नाही. माझी आई सहासष्टची. तिनं कधी व्यायाम केला नाही, पण चुलीपाशी, जात्यापाशी, देवापाशी दिवसातून वीस-तीस वेळा ती जमिनीवरून उठते. तिचे पाय बाबांपेक्षा शाबूत आहेत. (ओटा बांधून देऊ का, असं विचारणारा मी आता गप्प आहे.)

फिरण्याबद्दल थोडक्यात सांगतो. शुगर, बीपी, दम यांसाठी ते हवंच, आठवड्याला किमान १५० मिनिटं. पण सपाट डांबरी रस्त्यावर संथ चालण्यात मांडीला फारसं काम पडत नाही. २०१४ ला छापून आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ७० ते ८९ वयाची १,६३५ माणसं होती. ज्यांना चालण्याबरोबर ताकदीचे आणि तोलाचे व्यायामही दिले, त्यांच्यात सुमारे अडीच वर्षांत चालणं अवघड होऊन बसलेले ३० टक्के निघाले. ज्यांना नुसती आरोग्याची माहिती दिली, त्यांच्यात ३५ टक्के. फरक थोडा वाटेल, पण तो चालणं आणि ताकदीचा व्यायाम या जोडीचा आहे, एकट्या चालण्याचा नाही.

घरचा ताकदीचा व्यायाम सगळ्यांत स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचा. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम करवला, तर पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. आमच्याकडे तेलाच्या पाच लिटरच्या दोन रिकाम्या कॅन आहेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशोब सोपा. आधी नुसतं खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा-दहाचे दोन फेरे. ते सोपं वाटू लागलं की दोन्ही हातांत एकेक लिटर, पुढं दीड. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विसावा. प्लास्टिकची खुर्ची सारवलेल्या जमिनीवर घसरते, म्हणून ती भिंतीला टेकवायची. उठताना श्वास कोंडायचा नाही, बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही. खोट एकच: शेजारी कोणी बसल्याशिवाय म्हातारा माणूस हे करत नाही.

फिजिओकडे आमचे पैसे गेले, तेही चुकीच्या जागी. पहिल्या दवाखान्यात दहा दिवस नुसता शेक आणि बारीक करंट. त्यानं दुखणं हलकं होतं, ताकद येत नाही. व्यायाम एकही शिकवला नाही. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी मशीनला हात न लावता बाबांना पाऊण तास उठवलं-बसवलं, मला मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला आणि म्हणाल्या, पंधरा दिवसांनी या. एसटीचं भाडं वसूल झालं ते तिथं. लकवा, हाड मोडणं, सांध्याचं ऑपरेशन किंवा वारंवार पडणं असेल, तर आधी फिजिओच. पण "व्यायाम कोणता देणार?" हे पहिल्याच दिवशी विचारा.

खाण्याचं राहिलंच. वयस्कर माणसाला किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाबांना साठेक ग्रॅम (किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). पातळ वरण-भातानं तेवढी भरत नाहीत. सोयाबीन आम्ही पोत्यानं विकतो आणि ताटात दाणा येत नाही. आता कणकेत थोडं सोयाबीन दळतो आणि रोज दोन अंडी. पण नुसतं खाऊन ताकद येत नाही, हेही बोस्टनच्याच पुढच्या अभ्यासात १९९४ ला दिसलं.

आता तुमचं ठरवायचं असेल, तर खुर्ची घ्या. हात छातीवर बांधून पाच वेळा उठा-बसा, मोबाइलवर वेळ लावा. बाज नको, ती झोळते. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमजोर असण्याची शंका धरतात. हाताशिवाय एकदाही उठता येत नसेल, तर फिजिओ गाठा. उठता येतं पण १२ किंवा जास्त लागतात, तर कॅन आणि खुर्ची, आजपासून. १२ च्या आत असेल, तर वावर आणि फिरणं चालू द्या आणि आठवड्यातले दोन दिवस उठाबशांना ठेवा, निदान उलंगवाडी ते मिरग तरी.

बाबांना सुरुवातीला हाताशिवाय उठताच येत नव्हतं. महिन्याभरानं २१ सेकंद लागले, होळीला १३. मांडी घालून जमिनीवरून विनाआधार उठणं अजून जमत नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांच्यासाठी खुर्ची मागतो, आणि ते माझ्यावर चिडतात.