फोटोओळीत नाव कुठे आहे? युद्धछायाचित्रणाच्या नीतीवरील एक ऑनलाइन अभ्यासक्रम

युद्धात होरपळणाऱ्या माणसांची छायाचित्रे कोणत्या मर्यादा पाळून काढावीत, या विषयावरील एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. कॅमेरा आणि लेन्स यांबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत मोलाचा पाठ फोटोओळींविषयीचा आहे. केविन कार्टर यांनी १९९३ मध्ये सुदानमधील अयोद येथे टिपलेल्या, भुकेने कोसळलेले मूल आणि मागे बसलेले गिधाड दाखवणाऱ्या छायाचित्रावरची चर्चा बहुधा एकाच प्रश्नावर अडते: त्यांनी त्या मुलाला उचलून का नेले नाही? हा पाठ मात्र आधी फोटोओळ वाचायला लावतो. तीत नाव नाही. छायाचित्राला १९९४ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, जगाने त्या मुलाला मुलगी समजून हळहळ व्यक्त केली, आणि तो मुलगा होता हे २०११ मध्ये पत्रकार त्याच्या वडिलांपर्यंत पोहोचल्यावर उघड झाले. वेदना सर्वांना दिसली, माणूस कोणालाच माहीत नव्हता. हे वाचून मी फार अस्वस्थ झालो.

नाव छापणे हा सरसकट उपाय नाही, हेही अभ्यासक्रम जबाबदारीने सांगतो. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे तेरावे कलम युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देते. ओळखू येणाऱ्या चेहऱ्यामुळे कैद्याचे घरचे लोकही संकटात येऊ शकतात. म्हणून नाव, ठिकाण आणि परिस्थिती वहीत पूर्ण नोंदवावी, छापायचे किती ते नंतर ठरवावे, ही सूचना मला अत्यंत व्यवहार्य वाटली.

संमतीवरचा पाठ मात्र उथळ आहे. मदत मिळेल या आशेने जखमी मुलाच्या आईने मान डोलावली, तर त्या होकाराला संमती म्हणावे का, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. संपादकांची जबाबदारीही दोन वाक्यांत आटोपली आहे. १९९१ च्या आखाती युद्धात केनेथ जारेके यांनी टिपलेले जळालेल्या इराकी सैनिकाचे छायाचित्र अमेरिकेत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या संपादकांनी रोखले, तर ब्रिटनमध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने ते छापले; छायाचित्र तेच, निर्णय मात्र परस्परविरोधी. या उदाहरणावर एक स्वतंत्र पाठ हवा होता.

प्रत्यक्ष वार्तांकनाला जाणाऱ्या छायाचित्रकारांनी हा अभ्यासक्रम अवश्य करावा; छायाचित्रे निवडणाऱ्या संपादकांच्या हाती मात्र त्यातून फारसे लागणार नाही.