‘रिसायकल बिन करप्ट’चा मेसेज आणि फोनवरचा साफसफाईवाला

फाइल डिलीट करायला जावे तर ‘सी ड्राइव्हवरची रिसायकल बिन करप्ट झाली आहे, रिकामी करायची का?’ असा चौकोन उघडतो. हा मेसेज विंडोजचाच असतो आणि खराही असतो. लबाडी पुढे आहे. घाबरलेला माणूस तो मेसेज जसाच्या तसा गूगलमध्ये टाकतो, वरच्या जाहिरातीतला ‘हेल्पलाइन’ नंबर लावतो आणि पाच मिनिटांत एनीडेस्कचा (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कोड पलीकडच्याला वाचून दाखवतो.

पलीकडचा आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडतो. तिथे लाल-पिवळ्या खुणांची रांग असते. काल खोक्यातून काढलेल्या लॅपटॉपवरही ती असते, कारण एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी विंडोज नोंद करते. मग ‘फुकट स्कॅन’ चालतो आणि हजार-दीड हजार ‘एरर’ निघतात. त्यात प्रत्येक कुकी, प्रत्येक टेंप फाइल, रजिस्ट्रीतली (विंडोज आणि प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज जिथे ठेवतात त्या यादीतली) प्रत्येक निरुपद्रवी जुनी नोंद वेगळी मोजलेली असते. रजिस्ट्री साफ केल्याने संगणक पळायला लागत नाही, उलट एखादा प्रोग्रॅम उघडेनासा होऊ शकतो. हे फक्त भुरटे करतात असेही नाही. अमेरिकेत ऑफिस डेपोच्या दुकानांत ‘पीसी हेल्थ चेक’ व्हायचा. संगणक हळू चालतो का, सारखा बंद पडतो का, अशा चार प्रश्नांपैकी एकावर जरी खूण केली तरी निकाल ठरलेला: मालवेअरची लक्षणे आहेत. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट.कॉम यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

आता मूळ दुखणे. प्रत्येक ड्राइव्हवर $रिसायकल.बिन नावाचा लपवलेला फोल्डर असतो. डिलीट केलेल्या फाइलमागे त्यात दोन फाइली तयार होतात: $आरने सुरू होणारीत खरा मजकूर, $आयने सुरू होणारीत जुनी जागा, आकार आणि डिलीट केल्याची वेळ. ही जोडी विस्कटली की मेसेज येतो. एक्स्टर्नल हार्ड डिस्क इजेक्ट न करता उपटणाऱ्यांना तो जास्त भेटतो. उपाय एका ओळीचा आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘आरडी /एस /क्यू सी:\$रिसायकल.बिन’ ही कमांड द्या (टाइप अर्थात इंग्रजीत). मेसेजमध्ये ज्या ड्राइव्हचे अक्षर असेल तेच घाला. फोल्डर विंडोज स्वतः नव्याने बनवते. मात्र या कमांडने बिनमधले सगळे जाते, म्हणून हवी ती फाइल आधी काढून घ्या. बिन उघडतच नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (विंडोजऐवजी त्यावरूनच संगणक सुरू करून) $आर फाइली कॉपी करता येतात. नाव बदललेले असते, एक्स्टेन्शन तेच राहते. मेसेज पुन्हा आला तर डिस्क तपासणारी ‘सीएचकेडीएसके’ ही कमांड /एफसह चालवा. तरीही येत राहिला तर डिस्क थकली असू शकते, बॅकअप घ्या.

फोनवरच्या माणसाला दिलेले पैसे गेले ते गेलेच, पण त्याने टाकलेले क्लीनर (साफसफाईचे सॉफ्टवेअर) मागे राहते आणि खरा घात ते करते. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘संगणक सुरू होताच साफ करा’ ही खूण आधी काढा, नाहीतर काल चुकून डिलीट केलेली फाइल सकाळी बिनमधूनही गेलेली असते. डाउनलोड्स फोल्डर आणि ब्राउझरचे सेव्ह केलेले पासवर्ड यांवरच्या खुणाही काढा. ‘सुरक्षित डिलीट, ३५ फेऱ्या’ (फाइलच्या जागेवर ३५ वेळा दुसरे काही लिहिणे) ही भपकेबाज गोष्ट १९९० च्या दशकातल्या हार्ड डिस्कसाठी सुचवलेली होती. आजच्या डिस्कवर एक फेरी पुरते. एसएसडीवर, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, ती नुसती झीज आहे.

क्लीनर काढूनही फाइली आपोआप जात असतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेजमध्ये स्टोरेज सेन्स, ही विंडोजचीच आपोआप साफसफाईची सोय, पाहा. बिनसाठी १, १४, ३० किंवा ६० दिवस किंवा ‘कधीच नाही’ असे पर्याय तिथे असतात. डाउनलोड्सची मुदत वेगळी असते, ती ‘कधीच नाही’वर ठेवा.

महत्त्वाची फाइल गेलीच असेल तर त्या ड्राइव्हवर काहीही डाउनलोड करू नका, रिकव्हरीचे सॉफ्टवेअरसुद्धा नाही. मायक्रोसॉफ्टचे विंडोज फाइल रिकव्हरी फुकट आहे, पण सापडलेला माल दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवावा लागतो. एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेल्या फाइलची जागा मोकळी करणारी सोय) चालू असते, त्यामुळे आशा फार कमी. तिथे ‘शंभर टक्के परत आणतो’ म्हणणारा हा दुसरा ठग समजा.

कोड देऊन बसला असाल तर नेट तोडा, एनीडेस्क काढा, पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, बँकेला कळवा, यूपीआय ऑटोपे रद्द करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही महिन्यांनी ‘तुमचा रिफंड आलाय’ असा फोन येऊ शकतो. पुन्हा स्क्रीन मागतील आणि ब्राउझरमधला आकडा जागच्या जागी बदलून ‘चुकून दहापट जमा झाले, जास्तीचे परत करा’ म्हणतील. तो आकडा फक्त त्या पडद्यावर असतो. शिल्लक मोबाइलवरच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहा.