लिनक्सवर बॅटरी बघायची तर यूपॉवर, नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका
पॅनलच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आयकॉन १०० टक्के दाखवतो आणि आपण निवांत होतो, पण ते १०० टक्के नक्की कशाचे हे तो आयकॉन सांगत नाही, आणि खरी गोष्ट तर तिथेच आहे. म्हणून यूपॉवरबद्दल लिहितोय, लिनक्समध्ये बॅटरीची सविस्तर माहिती देणारी ही सोय आहे. उबुंटू, मिंट, फेडोरा, लिनक्सच्या ज्या प्रकारात गनोम, केडीई नाहीतर सिनॅमनसारखा डेस्कटॉप आहे तिथे हा बहुतेक आधीच असतो, फुकट आहे, फक्त कोणी उघडून बघत नाही.

टर्मिनल उघडा, यूपॉवर हा शब्द इंग्रजीत छोट्या अक्षरांत सलग टाइप करा, स्पेस देऊन डॅश डी टाका, एंटर. भलीमोठी यादी येते, त्यात बॅटरीवाला भाग शोधायचा. तिथे दोन ओळी बघा, एनर्जी फुल आणि एनर्जी फुल डिझाइन. दुसरी म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती वॉट-अवर ऊर्जा मावणार होती, पहिली म्हणजे आज किती मावते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर डिझाइन ५० आणि आत्ताचं फुल ३१, म्हणजे ६२ टक्के, यादीतल्या कपॅसिटी नावाच्या ओळीत हेच दिसतं, आणि आयकॉन मात्र या ३१ लाच १०० टक्के म्हणतो! बॅटरी फुल असून दोन तासांत कशी संपली असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही ओळ बघायला सांगतो.

दुसरी आवडती ओळ एनर्जी रेट. चार्जर काढलेला असताना लॅपटॉप आत्ता किती वॉट खातोय ते. नुसतं टायपिंग चालू असेल तर माझ्याकडे साडेसहाच्या आसपास असतो, व्हिडिओ कॉल लावला की १४ च्या घरात जातो. ३१ ला १४ ने भागा, सव्वादोन तास. झालं, अंदाज हाताशी आला. ब्राइटनेस कमी करून थोडं थांबून परत बघा, आकडा उतरतो की नाही ते डोळ्यांसमोर कळतं, बॅटरी वाचवायच्या सतराशे साठ टिपा वाचण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. किती वेळ उरला ते सांगणारी ओळ फार उड्या मारते, कारण ती आत्ताच्या खर्चावरून काढलेली असते, एखादं जड पान उघडलं की चार तासांचे अडीच होतात, त्यामुळे तिच्यावर विसंबून मीटिंगला बसू नका. शिवाय यूपॉवर स्वतःहून स्क्रीनवर सूचना देत नाही, ते काम डेस्कटॉपचं. तुम्ही पूर्ण डेस्कटॉपऐवजी आय-थ्री सारखं फक्त खिडक्या सांभाळणारं साधं विंडो मॅनेजर वापरत असाल तर सोबत सीबॅटआयकॉन टाका, छोटासा आहे, पॅनलच्या कोपऱ्यात ट्रेमध्ये बसतो आणि बॅटरी कमी झाली की सांगतो. काही जुने थिंकपॅड लॅपटॉप दोन बॅटऱ्यांचे असतात, त्यांवर यादीत दोन्ही वेगवेगळ्या दिसतात, तिथे एकच बघून निष्कर्ष काढू नका. आणि हो, काही ब्लूटूथ माउस-हेडफोनची बॅटरीही याच यादीत दिसते, हे मला जाम आवडलं.

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं असेल तर टीएलपी या बॅटरी वाचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नाहीतर केडीईच्या सेटिंगमध्ये सोय आहे, गनोम ४८ मध्येही आली, पण लॅपटॉपच्या हार्डवेअरने साथ दिली तरच. सतत चार्जरला लावून काम करणाऱ्यांनी हे नक्की करा, लिथियमची बॅटरी कायम फुल आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते.

सगळ्यात मोठा उपयोग मला वाटतो जुना लॅपटॉप घेताना. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ओळखीच्या कोणाकडून घ्या, 'बॅकअप मस्त आहे' हे सगळेच म्हणतात. पेनड्राइव्हवर मिंट घेऊन जायचं, इन्स्टॉल न करता लाइव्ह चालू करायचं आणि पैसे द्यायच्या आधी कपॅसिटीची ओळ समोरच्याला दाखवायची. ५०-६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे धरूनच भाव करा.