नाशिकच्या कॉलेज रोडवरचा ‘विविधता व्यवस्थापन’ कोर्स: साडेसहा हजार वसूल झाले का?

ऑफिसमधल्या दोघांनी आणि मामेबहिणीने विचारून झालं की तो शनिवार-रविवारचा कोर्स कसा होता गं, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकते. संस्थेचं नाव टाकत नाहीये कारण सर्टिफिकेट अजून हातात यायचंय, समजून घ्या.

तर कोर्स लोकप्रशासनाचा, विषय विविधता व्यवस्थापन, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांना कारभारात सामावून कसं घ्यायचं. सहा आठवडे, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी. फी साडेसहा हजार, हप्ते नाहीत. वर्गात आम्ही तेवीस जण. निम्मे एमपीएससीवाले, काही लोकप्रशासनात एमए करणारी मुलं, दोन एनजीओवाले आणि माझ्यासारखे नोकरी करून येणारे पाच-सहा. मी खिडकीवर बसणारी कनिष्ठ सहायक, मला वाटलेलं आपल्याला काय नवीन सांगणार हे लोक.

पहिले तीन सेशन तर डोक्यावरून गेले. सगळी पीपीटी अमेरिकेची, गोरे किती, काळे किती, स्पॅनिश बोलणारे किती, सगळ्याचे रंगीत गोल. मग समाज म्हणजे सॅलड बाऊल आहे, सगळे एकत्र पण प्रत्येकाची चव वेगळी, असं आलं आणि मॅडमनी त्याचं मराठी ‘कोशिंबीर’ केलं. पुढचे दोन आठवडे कोणी उशिरा आलं की मागच्या बाकावरून ‘आला कांदा’ असं चालायचं. माहितीपत्रकात मराठी-इंग्रजी दोन्ही लिहिलंय पण नोट्स फक्त इंग्रजीत, आणि ज्या चार पानांचं मराठी केलंय ते मशीनने केलेलं आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. वेगवेगळ्या भाषेच्या लोकांना सामावून कसं घ्यायचं हे शिकवणाऱ्या कोर्समध्ये हे, म्हणजे काय बोलायचं.

अजून एक खटकलं. १९६८ ची न्यूयॉर्क राज्यातली मिनोब्रुक परिषद, ती भरवणारे लोकप्रशासनाचे अभ्यासक ड्वाइट वाल्डो, कारभारात सामाजिक समतेचा विचार हवा असं तिथे तरुण अभ्यासकांनी मांडलं, यावर दोन पानं. ठीक आहे, परीक्षेला लागतं. पण आम्ही जिथे बसलोय तिथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर पंचवटीत काळाराम मंदिर आहे, २ मार्च १९३० ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ते येवलं आपल्याच जिल्ह्यातलं, आणि नोट्समध्ये यावर एक ओळ नाही. दार कोणासाठी उघडं आणि कोणासाठी बंद हा प्रश्न नाशिकच्या माणसाला न्यूयॉर्कहून का शिकावा लागतो? मी विचारलं, मॅडम हसल्या आणि म्हणाल्या सिलॅबस ठरलेला असतो.

आता लिफ्टची गोष्ट. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. आमच्यात एक ताई कुबड्या घेऊन यायच्या, दर वेळी दोन पोरं त्यांची बॅग घेऊन मागे आणि त्या कठड्याला धरून एकेक पायरी. चौथ्या सेशनचा विषय नेमका २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, एकवीस प्रकारची दिव्यांगता, नोकरीत ४ टक्के आरक्षण वगैरे. ताई घामाघूम होऊन वर पोचल्या तेव्हा पडद्यावर रॅम्पचा फोटो होता. कोणीच काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून शिकवायला आलेले सर, निवृत्त नायब तहसीलदार आहेत, त्यांनी पीपीटी बंद केली आणि म्हणाले आता हाच आजचा धडा. कायद्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे काय ते वाचायला लावलं, त्यात खासगी शिक्षणसंस्थाही येते. जुन्या इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, नियम आले २०१७ ला, करा हिशोब. मग सगळ्यांना संस्थेच्याच नावाने अर्ज लिहायला लावला. तेवीस अर्ज एका फाइलमध्ये लावून खाली ऑफिसात दिले, पोच घेतली. पुढच्या शनिवारी वर्ग तळमजल्यावरच्या लायब्ररीत. लिफ्ट बंद ती बंदच.

इथून पुढे कोर्स खरा सुरू झाला असं माझं मत आहे. सगळ्यात भारी झाला तो ‘खिडकी’चा प्रयोग. सरांनी टेबल आडवं लावलं, एकाने क्लार्क व्हायचं, एकाने चिठ्ठीत निघेल तो माणूस. माझ्या वाट्याला क्लार्क, म्हटलं हे तर मी रोज करते. समोर आला सटाण्याचा एक मुलगा, त्याच्या चिठ्ठीत होतं, सुरगाण्याच्या पाड्यावरची आजी, नातवाच्या जात पडताळणीसाठी नाशिकला आलीय. त्याला काही कोकणी बोली येईना मग तो त्याच्या अहिराणीतच सुरू झाला, ‘मन्हा पोरगा शाळामा शे’ वगैरे, वर्ग हसतोय. मी रोजच्या सवयीने म्हटलं, मावशी, १९५० च्या आधीचा पुरावा आणा, नेट पण नाहीये, सोमवारी या. पुढचा!

सरांच्या हातात घड्याळ होतं. म्हणाले, अडतीस सेकंद.

मग एकेक गोष्ट सोलून काढली. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० ची तारीख (जमातींची यादी निघाली ती) लागते हे बरोबर, पण ती आजीला का लागते हे मी सांगितलं नाही. पुरावा म्हणजे कुठला? आजोबांचा शाळेचा दाखला? आजोबा शाळेतच गेले नसतील तर? सातबारा, जुनी गाव नमुन्याची नोंद, काय चालतं हे मला माहीत होतं, मी बोलले नाही कारण तिने विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही कारण असं काही विचारायचं असतं हेच तिला माहीत नाही. वर सोमवारी या म्हणजे पुन्हा एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. मी कोणाला नाही म्हटलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, नियमाच्या बाहेर तर एक शब्द नव्हता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, खरं सांगते.

दुसऱ्यांदा तोच प्रयोग केला तेव्हा चार मिनिटं लागली. त्यावर एमपीएससीवाला एक पोरगा बरोबर बोलला की बाहेर साठ लोकांची लाइन असेल तर चार मिनिटं आणायची कुठून. सरांकडे याचं धड उत्तर नव्हतं. चालणाऱ्या कागदांची यादी मोठ्या अक्षरात बाहेर लावा, चित्रं टाका, एवढं म्हणाले.

बिंदुनामावलीचं, म्हणजे भरतीत कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला हे ठरवणाऱ्या तक्त्याचं, सेशन सुद्धा चांगलं. आस्थापनावाल्यांना रजिस्टर पाठ असतं, शंभर बिंदू, कुठला कोणाचा, १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा, सगळं. पण भरती झाल्यावर त्या माणसाचं ऑफिसात काय होतं याचं रजिस्टर कुठे असतं? ‘आडनाव काय’ने पोट भरलं नाही की ‘नाही, पण गाव कुठलं’ येतं, हे मी माझ्या शेजारच्याच टेबलावर बघितलंय. इथे सरांनी किंग्जली आणि मोशरची थिअरी आणली, १९४४ आणि १९६८ ची, नोकरशाहीत समाजाचं प्रतिनिधित्व कसं असावं याची, पण आणली ती सरपंचबाईंच्या उदाहरणाने. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के जागा, पण बाई सहीपुरती आणि खुर्चीत नवरा असेल तर प्रतिनिधित्व संख्येतच राहिलं, तिच्यासारख्यांसाठी काम तर झालंच नाही. मोशर काय म्हणतोय ते मला तेव्हा पाच मिनिटांत कळलं, नोट्समधून जन्मात कळलं नसतं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या उर्दू पाटीवर सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २०२५ चा निकाल आला, मराठीबरोबर उर्दू लिहायला हरकत नाही असा, त्यावर मालेगावची मुलगी आणि मागचे दोघं असे भांडले की चहा गार झाला. मला वाटतं शिकणं झालं ते अशा भांडणांतच.

कमी काय पडलं? तृतीयपंथीयांवर एकच स्लाइड, त्यांची ओळख मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा नालसा निकाल आणि २०१९ चा कायदा, वाचला आणि पुढे. महिलांच्या छळाविरुद्धची अंतर्गत समिती पण घाईत उरकली, मी मात्र सोमवारी ऑफिसात जाऊन बोर्ड वाचला तर अध्यक्ष म्हणून अजून त्याच मॅडमचं नाव ज्यांची बदली होऊन दीड वर्ष झालं. आणि परीक्षा! एवढं सगळं करून शेवटी पन्नास मार्कांची एमसीक्यू, व्याख्या कोणी केली, कुठल्या साली. खिडकीच्या प्रयोगाला शून्य मार्क.

बाकी किरकोळ. पार्किंगचं विचारूच नका, रविवारी तरी जागा मिळते, शनिवारी गाडी लांब लावून चालत या. चहा त्यांचा, मिसळ आपली.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. फक्त पेपरसाठी वाचायचं असेल तर साडेसहा हजार घालू नका, पुस्तक आणा. खिडकीवर, तलाठी सज्जात, पंचायत समितीत बसत असाल तर करा, पण आधी फोन करून विचारा की नायब तहसीलदार सर या बॅचला आहेत का, नसतील तर पुढची बॅच बघा. आणि वर्ग कुठल्या मजल्यावर तेही विचारून घ्या.