स्कार्लेट लेटर की हकलबेरी फिन, आधी कुठलं वाचायचं?

एकटा माणूस एकीकडे आणि अख्खा समाज दुसरीकडे, हे अमेरिकन कादंबरीत बघायचंय पण वेळ एकाच पुस्तकापुरता आहे, तर हॉथॉर्नचं स्कार्लेट लेटर (१८५०) घ्यावं की मार्क ट्वेनचं हकलबेरी फिन (अमेरिकेत १८८५)? माझं मत, हक आधी.

स्कार्लेट लेटरमधे भांडण उघड्यावर आहे. सतराव्या शतकातलं प्युरिटन, म्हणजे कडक धार्मिक ख्रिस्ती लोकांचं बॉस्टन, लग्नाबाहेर मूल झालं म्हणून नायिका हेस्टरला तान्ही पोर घेऊन तीन तास चौथऱ्यावर उभं करतात आणि छातीवर लाल 'ए' (अ‍ॅडल्टरी, म्हणजे व्यभिचार, याचं पहिलं अक्षर) लावायला लावतात. ती ते अक्षर जरीने भरते, पोरीच्या बापाचं नाव कितीही विचारलं तरी सांगत नाही. गाव सोडायला तिला कुणी अडवलेलं नाही तरी तिथेच राहते, शिवणकामावर पोट भरते. गव्हर्नरच्या कॉलरवर तिचं भरतकाम चालतं, नवरीच्या ओढणीवर चालत नाही! हे वाचून मला फार लागलं होतं.

हकचं वेगळंय. मिसिसिपीवरचा तराफा, त्यावर एक पोरगा आणि गुलामीतून पळालेला जिम. समाज इथे पोराच्या डोक्यातच बसलाय. पळालेल्या गुलामाला मदत म्हणजे चोरी आणि पाप असं त्याला शिकवलंय आणि त्याला ते खरंच वाटतं. एकतिसाव्या प्रकरणात तो जिम कुठेय ते कळवायला मालकिणीला पत्र लिहितो, मन हलकं पण होतं, मग नदीवरचे दिवस आठवतात, ह्याची झोप मोडू नये म्हणून जिम ह्याच्या वाटचा पण पहारा करायचा ते आठवतं आणि तो पत्र फाडतो, बरं मग नरकात जाईन म्हणतो. समाज चुकलाय असं त्याच्या मनातही येत नाही, आपणच वाईट आहोत असं समजून तो बरोबर वागतो. ह्यापेक्षा खोल भांडण मी तरी वाचलेलं नाही. आणि पुस्तक आलं त्याच वर्षी अमेरिकेतल्या काँकर्ड गावच्या लायब्ररीने ते काढून टाकलं.

अडचणी आहेत. हकचं इंग्रजी बोलीतलं, मोठ्याने वाचलं की सुटतं. काळ्या लोकांसाठीची शिवी दोनशेहून जास्त वेळा येते, तिचा त्रास होतो आणि व्हायलाच हवा. शेवटी हकचा मित्र टॉम सॉयर आल्यावर दहाएक प्रकरणं जिमच्या सुटकेचा नुसता खेळ होतो, ते मला अजून पटलेलं नाही.

बाईच्या बाजूने हा विषय बघायचा असेल तर मात्र आधी हेस्टरच घ्या. फक्त सुरुवातीची 'द कस्टम हाऊस' ही प्रस्तावना फार संथ आहे, ती नंतरसाठी ठेवा आणि सरळ तुरुंगाच्या दारापासून, म्हणजे पहिल्या प्रकरणापासून सुरू करा.